शाईचा हात : वाचकांचे प्रश्न, चित्रकर्तीची उत्तरं

मागच्या अंकात माझ्या टेबलाचा फोटो छापला होता आणि खाली लिहिलं होतं की चित्रकथेतलं कॅरेक्टर म्हणजे पात्र कसं काढता, पेन्सिलच्या चित्रावर शाई कशी करता याबद्दल काही विचारायचं असेल तर विचारा. एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. खानापूर, निपाणी, चिकोडी, गोकाक, आणि आमच्या बेळगावातून तर ढीगभर. सारखे प्रश्न एकत्र केलेत, नावं टाकली नाहीत कारण बऱ्याच जणांनी टाकू नका म्हणून कळवलंय. आणि एक सांगते, खाली जे लिहिलंय ते माझ्या हाताला जमलेलं आहे, दुसऱ्या चित्रकाराला विचाराल तर तो वेगळं सांगेल आणि ते पण बरोबर असेल.

ताई, मी बारावीला आहे, खानापूर तालुक्यातल्या एका खेड्यात राहतो. पेन्सिलनं काढलं की चित्र जिवंत वाटतं, मित्र पण भारी म्हणतात. शाई केली की मेल्यागत होतं. पेन्सिल अगदी स्वच्छ, फायनल करून घेतो तरी तसंच. काय चुकतंय?

पेन्सिल अगदी फायनल करून घेतोस ना, तिथंच चुकतंय बघ. पेन्सिलची एक रेघ म्हणजे जवळ जाऊन बघितलीस तर चार-पाच रेघा असतात, थोडी इकडं थोडी तिकडं, आणि बघणाऱ्याचा डोळा त्यातनं आपल्याला हवी ती उचलतो म्हणून ते हलतंय असं वाटतं. शाईत त्यातली एकच राहते. ती तू निवडलेली नसतेस, गिरवलेली असतेस. पहिलीत आपण पाटीवर मुळाक्षरं गिरवायचो तेव्हा हात कसा चालायचा आठव, हळू, दबकत, रेघेच्या बाहेर जाईल म्हणून घाबरत. तीच भीती शाईत उतरते आणि कागदावर स्पष्ट दिसते, लपत नाही.

मला हे माझ्या आजीनं शिकवलं. आमचं घर बेळगावातल्या शहापूरचं, मागावर विणणाऱ्यांचं. आजी दिवसभर कांड्या भरायची, म्हणजे विणायचं सूत कांडीवर गुंडाळायची, उजव्या हातानं चरख्याचं चाक फिरवायचं आणि डाव्या हाताच्या दोन बोटांतनं सूत सोडायचं, एवढंच काम, पण ती डाव्या हाताची बोटं सुताचा ताण ओळखून आपोआप सैल-घट्ट व्हायची, तुटायच्या आधीच तिला कळायचं. मी नववीत होते, दोन दिवस घासून घासून तिचं पेन्सिल चित्र काढलं, एकेक सुरकुती, आणि मग वरनं शाई फिरवली. तिला दाखवलं. तिनं बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "बरं काढलीस. पण ह्यात माझा हात कुठं चालायलाय गं?"

तेव्हापासून मी पेन्सिलला फक्त बांध्याचं काम देते. टू एच घेते, फिकट, आणि एवढंच ठरवते की माणसाचं वजन कुठल्या पायावर आहे, पाठ कशी वळलीय, खांदे कुठं कललेत, मान कुठं, बघतोय कुठं. चेहऱ्यात डोळ्यांची एक आडवी रेघ आणि नाकाची दिशा. कपड्याच्या चुण्या नाहीत, केस नाहीत, बोटं नाहीत, हाताचा नुसता पंजा. बाकी सगळं शाईतच काढायचं, म्हणजे काढायचं, गिरवायचं नाही. शाईला काहीतरी काम शिल्लक ठेव, तर ती काम करेल.

सुरुवातीला चित्रं बिघडतील, बिघडू देत. रद्दी कागद घे, एकच माणूस दहा वेळा थेट पेननं काढ, प्रत्येकी दोन मिनिटं, पेन्सिल नको आणि रबर तर घरातच नको. सहावं-सातवं चित्र काढताना हात मोकळा व्हायला लागतो, मनगटातनं नाही तर खांद्यातनं हलायला लागतो. लांब रेघ नेहमी स्वतःकडं ओढायची, कागद फिरवायचा, आपण वाकडं व्हायचं नाही. आणि रेघ अर्ध्यात थांबवू नकोस, जिथं हाड संपतं तिथं थांबव, कोपर, गुडघा, घोटा.

निपाणीहून लिहितेय. माझ्या गोष्टीत सहा बायका आहेत आणि सगळ्या बहिणी-बहिणी वाटतात. केस बदलले, कपडे बदलले, एकीला चष्मा दिला तरी तेच.

दिवाळीत किल्ला करताना बाजारातनं मावळे आणतो ना आपण, साच्यातले, रंग वेगळे पण तोंड एकच, तसं झालंय. चष्मा म्हणजे वरचा रंग. साचा बदलायला पाहिजे.

मी चेहऱ्यापासून सुरुवात करतच नाही, हातापासून करते. तुम्ही निपाणीच्या, मग तुम्हाला लांब जायला नको. विडी वळणारी बाई समोर बसवा आणि नुसते हात बघा. मांडीवर सूप, त्यात कापलेली पानं आणि जर्दा. एक पान डाव्या हातावर, चिमूटभर जर्दा पसरायचा, मग दोन्ही हातांची बोटं एकाच वेळी पान गुंडाळतात, दोरा फिरतो, टोक आत दुमडलं जातं, झाली विडी, आणि हे सगळं चालू असताना ती शेजारणीशी बोलत असते, तिचं लक्षच नसतं. आता तिचे खांदे बघा, तासन् तास खाली बघून पुढं आलेत, मान पुढं, कोपरं पोटाला चिकटलेली. ही बाई उठून बाजाराला निघाली तरी खांदे तसेच राहणार. आता तिच्या शेजारी बस स्टँडवर टोपली डोक्यावर घेऊन चालणारी भाजीवाली ठेवा. तिची पाठ ताठ, मान सरळ, कमरेतनं चालते. दोघींचा चेहरा एकसारखा काढलात तरी दोघी वेगळ्याच दिसतील. काम माणसाच्या अंगात उतरतं, ते आधी पकडायचं.

मग परीक्षा अशी घ्यायची की सहाही जणींच्या फक्त बाह्यरेषा काढून आत सगळं काळं भरायचं. सावलीवरून कोण कोण ते ओळखता आलं पाहिजे. नाही आलं तर नाक-डोळ्यावर वेळ घालवू नका, परत बांध्याकडं जा.

शि. द. फडणीस तुमच्या जवळच्याच भोजचे, १९२५ चा जन्म. त्यांची किती व्यंगचित्रं बिनशब्दांची आहेत. खाली ओळ नाही म्हटल्यावर सगळं उभं राहण्या-बसण्यावर, मान वळवण्यावर येतं, आणि तरी लहान पोरालाही कळतं कोण लाजलंय आणि कोण गडबडलंय. आणि आपल्याच राज्यातले मैसूरचे आर. के. लक्ष्मण घ्या, त्यांचा कॉमन मॅन १९५१ पासून, चौकड्यांचा कोट, धोतर, चष्मा. एवढी वर्षं तो बोलला नाही, पण गर्दीत कुठल्याही कोपऱ्यात असला तरी आपण शोधून काढतोच.

आता यातलं माझं स्वतःचं म्हणून जे आहे ते सांगते. मी प्रत्येक पात्राला वेगळं हत्यार देते. गोष्ट सुरू व्हायच्या आधी एका कागदावर पात्राचं नाव आणि समोर त्याचं पेन, ब्रश, नंबर असं लिहून भिंतीला लावते. म्हातारा शेतकरी असेल तर ब्रशची शाई अर्धी पुसून कोरडी करते, मग रेघ खरखरीत येते, मधे मधे तुटते. शाळकरी पोरगी असेल तर निब, हलकी, भराभर, रेघेची दोन्ही टोकं निमुळती. एक सावकार होता मागच्या गोष्टीत, त्याला मी सरळ एकाच जाडीच्या पेननं काढलं, कुठं जाड नाही, कुठं बारीक नाही, त्याच्यात काही हलतच नव्हतं. वाचणाऱ्याला हे कळत नाही, पण जाणवतं. एका बाईंनी मला सांगितलं की तो माणूस पानावर आला की मला गार वाटायचं. मी त्याला खलनायक दिसेल असं काही काढलंच नव्हतं, भुवया पण सरळ होत्या.

कुठली निब, कुठली शाई, कुठला कागद? (हा प्रश्न अकरा जणांनी विचारलाय.)

टाकाला, म्हणजे शाईत बुडवून चालवायच्या पेनाला, ‘जी’ (इंग्रजी G) निब. तिच्या दोन पाकळ्या दाबल्या की उघडतात, रेघ जाड होते, सोडलं की बारीक. नवी निब शाई धरत नाही कारण गंजू नये म्हणून कंपनीतनं तेलाचा हात दिलेला असतो, तर कच्च्या बटाट्यात टोचून ठेवा किंवा टूथपेस्ट लावून चोळा आणि पुसा. निब स्वतःकडं ओढायची, पुढं ढकलली की कागदात अडकते आणि शिंतोडे उडतात. ब्रश गोल, दोन किंवा तीन नंबर, टोक चांगलं असलेला. शाईत अर्ध्यापर्यंतच बुडवायचा, वर पत्र्याच्या नळीत शाई गेली की केस फाकतात आणि मग टोक परत कधीच येत नाही. काम झालं की साबणानं धुवायचा आणि बोटानं टोक करून आडवा ठेवायचा. मी महाग ब्रश दोनच घेतलेत आयुष्यात, पहिला सहा वर्षं चालला.

शाई वॉटरप्रूफ ड्रॉइंग इंक. काजळीची असते, वाळली की पाण्यानं हलत नाही, वरनं रंग देता येतो. पण ही शाई फाउंटन पेनमधे घालू नका, आत वाळून पेन कायमचं जाईल. रेडीमेड पेनं वापरणार असाल तर पिग्मा मायक्रॉन चांगली, ०१ नंबर म्हणजे पाव मिलिमीटर, ०५ म्हणजे ०.४५, ०८ म्हणजे अर्धा. तीन पुरतात, सगळा सेट घ्यायची गरज नाही.

कागद गुळगुळीत आणि जाड. साध्या कार्ट्रिजचे, म्हणजे नेहमीच्या ड्रॉइंगच्या कागदाचे, धागे निबेत अडकतात.

आणि आपल्याकडं मुख्य अडचण कागदाची नाही, पावसाची आहे. आमच्या इथं जून ते सप्टेंबर भिंतींना पण घाम येतो. कागद सादळला की कितीही चांगला असू दे, शाई फुटते, रेघेच्या कडेला बारीक बारीक केस निघतात. मी पावसाळ्याचा कागद मे महिन्यातच आणते, प्लास्टिकच्या पिशवीत बांधून पत्र्याच्या ट्रंकेत ठेवते आणि लागेल तेवढाच बाहेर काढते. शंका आली तर खाली-वर दोन कोरे कागद ठेवून कोमट इस्त्री फिरवायची. पावसाळ्यात शाई वाळली असं वाटलं तरी रबर दुसऱ्या दिवशीच लावायचं. रबरानं काळेपणा थोडा उतरतोच, म्हणून पेन्सिल फिकट ठेवा म्हणते.

खणाची चोळी आणि इरकल लुगडं काढताना माझं चित्र गोधडीसारखं होतं. किती नक्षी दाखवायची?

तुमचा प्रश्न वाचून बरं वाटलं, हे कुणी विचारत नाही. नक्षी शेवटी. आधी कापड कुठं ताणलंय ते बघा, चुणी नेहमी ताणाच्या जागेतनं निघते, खांद्यावरनं, कमरेच्या ओच्यातनं, वाकलेल्या गुडघ्यातनं. ती जागा सापडली की चुण्या तिथनं पंख्यासारख्या सोडायच्या, कापडावर कुठंही रेघा मारायच्या नाहीत.

इरकलची गंमत अशी की अंग सुती आणि पदर रेशमी. सूत मोडतं, त्याच्या चुणीला कोपरे येतात, रेघ छोटी, मधेच वळणारी. रेशीम घसरतं, पदराची रेघ लांब, एका दमात, खाली जाऊन जाड. एकाच लुगड्यात दोन प्रकारच्या रेघा काढल्या की बघणाऱ्याला रंग नसतानाही कळतं. माझी आजी रोज इरकलच नेसायची, तिच्या खांद्यावरनं पदर सारखा घसरायचा आणि ती कांडी भरता भरता हनुवटीनं तो धरायची, तेवढी एक गोष्ट काढली तरी बाकी नक्षी नसली तरी चालतं.

खणाचे बुट्टे सगळे काढू नका. उजेडाच्या बाजूला दोन-चार, सावलीला लागून दाट, मधे सोडून द्या. आणि दंडाच्या कडेला बुट्टा अरुंद होत गेला पाहिजे, तर दंड गोल दिसेल. सगळीकडं एकाच मापाचे काढले की ती चोळी भिंतीवर चिकटवल्यासारखी दिसते. काठ मात्र पूर्ण काढा, अगदी मन लावून, कारण काठच आपल्याला सांगतो कापड कुठनं कुठं वळलंय.

माझ्या गोष्टीत घरात मराठी आणि दुकानात कन्नड बोलतात, आमच्या गल्लीत असंच आहे. हे चित्रात कसं दाखवायचं? (चिकोडी)

जसं आहे तसंच, कन्नड वाक्य कन्नड लिपीत लिहा की. इथल्या वाचकाला वाचता येतं, ज्याला येत नाही त्याला चित्रावरनं कळू द्या, तेवढं चित्र बोलकं करायची जबाबदारी आपली.

फक्त फुगा, म्हणजे ज्यात पात्राचं बोलणं लिहितो तो, आधी आखू नका, अक्षरं आधी लिहा. देवनागरीला वर शिरोरेघ असते, ओळ आडवी पट्टीसारखी दिसते, वर मात्रा-वेलांट्या आणि खाली उकार. कन्नड अक्षर गोल, शिरोरेघ नाही, आणि जोडाक्षरातलं दुसरं अक्षर खाली लटकतं, त्यामुळं दोन ओळींत जास्त जागा लागते. मराठीच्या मापानं आखलेल्या फुग्यात कन्नड कोंबलं की दुकानदार ओरडतोय असं वाटतं आणि तो बिचारा साधा भाव सांगत असतो. मी अक्षरं पण शाईनंच लिहिते, त्या पात्राच्याच पेननं.

मी गोकाकला ड्रॉइंग शिकवतो. मुलं सगळी मांगासारखे, म्हणजे जपानी चित्रकथांसारखे, मोठे डोळे काढतात. थांबवावं का?

सर, थांबवू नका. मांगा काढणारे कितीतरी जण पण ही ‘जी’ निब शाईत बुडवूनच काढत आलेत, त्यांच्या रेघेत शिकण्यासारखं खूप आहे. आणि मोठे डोळे आपल्याला नवीन कुठं आहेत? आंबोली घाट उतरून कुडाळजवळ पिंगुळीला जा, चित्रकथीची चित्रं बघा, रामायण-महाभारतातली सगळी माणसं टपोऱ्या डोळ्यांची, आणि गोष्ट सांगणारा एकेक चित्र पुढं धरून गात गात सांगतो. मुलांना ती चित्रं दाखवा. मोठा डोळा काढू दे, पण तो डोळा कुणाकडं बघतोय ते विचारा, प्रत्येक वेळी विचारा. तुमच्या गावातल्या लाकडी खेळण्यांचे रंगवलेले चेहरे पण समोर ठेवा, दोन टिपक्यांत आणि एका रेघेत किती काम होतं ते मुलांना हातात घेऊन बघू द्या.

आणि जमेल तितकं समोर माणूस बसवून काढायला लावा. बेळगावचे चित्रकार के. बी. कुलकर्णी सर आणि त्यांच्याकडं शिकलेले रवी परांजपे, ज्यांचा जन्म इथलाच १९३५ चा, यांच्या कामामागं माणसाचा अभ्यास आहे हे लगेच दिसतं. स्टाइल नंतर कुठली पण घेऊ दे.

काळं किती भरायचं? आणि चेहऱ्यावरच्या आडव्या-तिडव्या रेघा छापताना का बिघडतात?

दुसऱ्याचं उत्तर आधी, कारण ते मी स्वतः भोगलंय. माझं पहिलं काम एका दिवाळी अंकात आलं तेव्हा घरात सगळे बसून अंक उघडला आणि म्हाताऱ्याच्या गालावर काळा डाग. मी तिथं किती बारीक जाळी केली होती, आठवडा गेला होता त्यात. माझं चित्र मोठं होतं, त्यांनी लहान करून छापलं, रेघांमधली पांढरी फट छोटी झाली आणि छपाईत शाई पसरून ती बुजली. मला कुणी आधी सांगितलं नव्हतं, पाठवायच्या आधी विचारलंही नाही कुणी. दोन दिवस मी नीट जेवले नाही.

आता मी छापायच्या मापाच्या दीडपट काढते आणि देण्याआधी कोपऱ्यावरच्या दुकानात जाऊन सदुसष्ट टक्क्यांवर झेरॉक्स मारून बघते. जे झेरॉक्समधे बुजलं ते छपाईत बुजणारच. आणि अगदी बारीक रेघ उलट गायब होते, पाव मिलिमीटरची रेघ लहान होऊन साधारण ०.१७ वर येते, हलक्या कागदावर तुटते. म्हणून चेहऱ्यावर रेघा कमी, एक नाकाखाली, एक हनुवटीखाली, झालं.

काळं मी सगळ्यात शेवटी भरते पण ठरवते सगळ्यात आधी, तळहाताएवढ्या कागदावर. जिथं वाचणाऱ्यानं बघायला पाहिजे तिथं काळ्याला पांढरं खेटवायचं. आजीच्या पांढऱ्या केसांमागं दाराचा अंधार, बस्स.

टॅबलेटवर केलं तर चालेल का?

चालेल. मी पण रंग तिथंच देते. पण अनडू, म्हणजे काढलेली रेघ मागं घ्यायचं बटण, बंद करून महिनाभर काढा.

शाई सांडली, रेघ चुकली तर काय करता?

सांडली तर पुसायचं नाही, पुसलं की पसरते. टिपकागदाचं टोक लावून शोषून घ्यायची आणि पूर्ण वाळू द्यायची, मग पांढरा पोस्टर कलर जाडसर लावायचा, व्हाइटनर नको, त्याच्यावर निब घसरते. वाळला की परत वरनं रेघ. हात चुकला असेल तर मात्र आधी चित्र उभं करून लांबनं बघते, कारण बऱ्याचदा चुकलेली रेघच बरोबर असते. आजीचं पुढचं एक चित्र आहे माझ्याकडं, त्यात सुताची रेघ काढताना माझा हात हलला आणि ती रेघ दोनदा आली, जवळजवळ, एक गडद एक फिकट. मी पोस्टर कलरची बाटली उघडली होती. आजीनं मागनं बघितलं आणि म्हणाली, "आता चालायलाय बघ." ते चित्र तसंच आहे, टेबलाच्या फोटोत उजवीकडं वर दिसतंय ते.